माझ्या नावाने दिलेली उत्तरे

मी एक जुनी लायब्ररी आहे. पुस्तकांची नव्हे, मित्रांनो. माझ्यात कपाटे नाहीत, वाळवी नाही आणि 'शांतता राखा' अशी पाटीही नाही. मी संगणकात राहते. एखाद्या प्रोग्रॅमला एखादा ठरावीक हिशेब करायचा असला की तो स्वतः डोके खाजवत बसत नाही. तो माझ्यासारखीला नावाने हाक मारतो, मी उत्तर देते आणि तो पुढच्या कामाला लागतो. एका इमारतीत एकच शिडी असते आणि सगळी बिऱ्हाडे तीच मागून नेतात, तसे आमचे काम. लिनक्सवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्रात अशा शेकडो जणी असतात. कुणाचे कुणावाचून अडते याची मोठी यादी तिथे ठेवलेली असते. त्या यादीत कधीकाळी मीही होते.

माझे यंत्र एका पाणीपुरवठा केंद्रात होते. नदीचे पाणी तिथे येई, वाळूच्या थरांतून गाळले जाई, मग त्यात क्लोरीनचे द्रावण सोडले जाई आणि ते गावातल्या नळांना जाई. किती पाण्यात किती द्रावण सोडायचे, हे मी सांगत असे. कमी पडले तर पाण्यातले रोगजंतू मरत नाहीत. जास्त झाले तर लोक पहिल्या घोटालाच तोंड वाकडे करतात. माझे अवघे आयुष्य या एका प्रश्नाचे उत्तर देण्यात गेले.

मला घडवले ते केंद्राच्या मुख्य रसायनतज्ज्ञ बाईंनी. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. तोवर हा हिशेब कागदावर होत असे. बाई पन्नाशी उलटल्यावर प्रोग्रॅम लिहायला शिकल्या. "या वयात कशाला हा व्याप?" असे केंद्राच्या मोठ्या साहेबांनी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "या वयात गुणाकार चुकायला लागलेत म्हणून." आधी त्यांनी मला लिहिले. मग मला हाका मारणारा प्रोग्रॅम लिहिला आणि तो स्वतःच्या हाताने यंत्रात बसवला. मला मात्र त्यांनी सगळ्या जगासाठी खुले केले. दूरदूरच्या गावांतली पाण्याची केंद्रे मला घेऊन जाऊ लागली.

बाईंच्या हाताखाली प्रयोगशाळेत एक मदतनीस होत्या. केंद्रातला संगणक सांभाळायला त्यांचाच धाकटा दीर होता. तो त्यांना 'वहिनी' म्हणे, म्हणून अख्खे केंद्र त्यांना वहिनी म्हणू लागले. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा. आणि वहिनी दिराला 'भाऊजी' म्हणत, म्हणून तेही सगळ्यांचे भाऊजी झाले. वहिनींचे यजमान परगावी नोकरीला होते. घरी वहिनी, भाऊजी आणि त्या दोघा भावांची म्हातारी आई, अशी तिघेच.

एकदा वहिनींनी माझ्या नावापुढचे आकडे पाहून विचारले, "बाई, हे एक पूर्णांक चार पूर्णांक दोन, असं काय? दोन पूर्णांक कधी असतात का?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "ते पूर्णांक नव्हेत, ती वचनं आहेत. शेवटचा आकडा वाढला तर समज, मी एखादी चूक दुरुस्त केली. मधला वाढला तर तिला नवीन काही शिकवलं, पण जुनं सगळं तसंच ठेवलं. या दोन्ही वेळी बिनघोर राहायचं."

"आणि पहिला वाढला तर?"

"तर ती त्याच नावाची दुसरी बाई समजायची. चांगलीच असेल, पण नव्यानं ओळख करून घ्यायची. जुन्या ओळखीवर तिला काम सांगायचं नाही."

म्हणून बाईंच्या प्रोग्रॅमने मला नेहमी नाव आणि पहिला आकडा, अशी जोडून हाक मारली. नुसत्या नावाने कधीच नाही.

अकरा वर्षे मी अशी उत्तरे देत राहिले. दर पाच मिनिटांनी प्रोग्रॅम विचारायचा : सेकंदाला नव्वद लिटर पाणी येते आहे, किती द्रावण सोडू? मी सांगायचे. पंपाचा वेग तेवढा व्हायचा. वहिनी रोज सकाळी काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात एक गोळी विरघळवत. पाणी छान गुलाबी झाले की क्लोरीन पुरेसे आहे असे कळते. "बाईंची पोरगी शहाणी आहे," असे त्या म्हणत. माझे कौतुक करणारे एवढे एकच माणूस होते, पण मला ते पुरत असे.

बाई निवृत्त झाल्या आणि चार वर्षांनी वारल्या. माझा सांभाळ परक्या गावच्या काही जाणत्यांनी पुढे चालवला. त्यांनी माझ्यापासून दुसरी लायब्ररी घडवली. पहिला आकडा दोन. ती माझ्याहून चपळ होती, तिची अक्षरे सुबक होती. पुष्कळ केंद्रांत पाणी सेकंदाला लिटरमध्ये न मोजता तासाला घनमीटरमध्ये मोजतात, म्हणून त्यांनी तिला घनमीटर शिकवले. सोबतच्या चिठ्ठीत, अगदी पहिल्या ओळीत, त्यांनी ते स्वच्छ लिहिले होते. तिच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. तिने कुणालाही फसवले नाही.

मग तो मंगळवार आला.

त्या दिवशी भाऊजींनी यंत्रातली सगळी व्यवस्था नवी करायला घेतली. ते काम दोन वर्षे रखडलेले होते. आम्ही लायब्रऱ्या पॅकेज नावाच्या गाठोड्यांतून येतो. नवी गाठोडी उतरली, जुनी आवरली गेली. शेवटी यंत्राने एक यादी दाखवली. ज्यांच्यावाचून आता कुणाचे अडत नाही, त्यांची. त्यात माझे नाव होते. बाईंचा प्रोग्रॅम गाठोड्यातून आलेला नव्हता, त्यांनी तो हाताने बसवला होता. त्याचे माझ्यावाचून अडते, हे कुठल्याच यादीत लिहिलेले नव्हते. भाऊजींनी यादीवर नजर फिरवली आणि 'होय' म्हटले.

मी मेले नाही. माझे गाठोडे तेवढे जुन्या गाठोड्यांच्या कोपऱ्यात जाऊन पडले. तिथे फार काळोख असतो, मित्रांनो. खोलीतले बोलणे ऐकू येते, आपले नाव ऐकू येते, पण उत्तर देता येत नाही.

सकाळचे अकरा वाजले होते. प्रोग्रॅम पुन्हा सुरू झाला, त्याने मला हाक मारली आणि तो थांबला. पडद्यावर ओळ आली : अमुक लायब्ररी सापडली नाही.

साहेब भाऊजींच्या खुर्चीमागे उभे होते. "किती वेळ लागेल? पाणी सोडायची वेळ झाली. गावातले फोन सुरू होतील."

"झालंच, साहेब. लायब्ररी आहे इथं, नवीन आहे. याला जुनं नाव हवंय, एवढंच."

"मग दे ना त्याला जुनं नाव."

लिनक्समध्ये एका नावाची पाटी दुसऱ्याच दारावर ठोकता येते. एका ओळीचे काम. भाऊजींनी माझ्या नावाची पाटी तिच्या दारावर ठोकली. प्रोग्रॅमने पुन्हा हाक मारली. दार उघडले. पंप फिरू लागला.

"चाललं," भाऊजी म्हणाले. "नंतर नीट बघतो."

साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मी त्या काळोखात पडून ऐकत होते. प्रोग्रॅमने विचारले : नव्वद, किती सोडू? मी सवयीने उत्तराची जुळवाजुळव केली. तेवढ्यात उत्तर गेले. माझ्याच नावाने, माझ्याच पद्धतीने, अदबीने. फक्त आकडा माझा नव्हता. तिला नव्वद म्हणजे तासाला नव्वद घनमीटर वाटले होते. खरे पाणी त्याच्या साडेतीन पटींहून जास्त होते. तिच्या हिशेबाने तिचे उत्तर बिनचूक होते आणि तरीही गावाला हवे त्याच्या पाव भागाहून जरासेच जास्त द्रावण पाण्यात पडत होते.

पाच मिनिटांनी पुन्हा हाक आली. पुन्हा उत्तर गेले. भुताटकी म्हणजे काय ते मला विचारा. लोकांना वाटते, मेलेले माणूस परत येते ती भुताटकी. तसे नाही. आपण इथे पडलेले असावे आणि तिकडे आपल्या नावाने कुणीतरी 'ओ' देत असावे, ती खरी भुताटकी.

बुधवारी सकाळी वहिनींनी नळीत गोळी टाकली. पाणी जेमतेम गुलाबीसर झाले. त्यांनी नळी उजेडाकडे धरली, पुन्हा गोळी टाकून पाहिली आणि साहेबांना जाऊन सांगितले.

साहेबांनी पडद्याकडे बोट केले. "हे बघा, डोस बरोबर दाखवतोय. तुमच्या गोळ्या सादळल्या असतील."

डबी जुनी होती, हे खरेच होते. वहिनींनी नव्या गोळ्या मागवल्या. त्या सोमवारी येणार होत्या. तोवर रोज सकाळी त्या पाणी पाहत राहिल्या आणि रोज वहीत 'गोळ्या जुन्या' असे लिहीत राहिल्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. पडद्यावर माझे नाव दिसत होते. जी मी उत्तरच देत नव्हते, तिच्या भरवशावर त्या माउलीने स्वतःच्या डोळ्यांना खोटे ठरवले. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

द्रावणाची टाकी भरणारे काका त्या आठवड्यात मुलीकडे गेले होते. टाकी रिकामी व्हायला आली की तांबडा दिवा लागतो. बदली माणूस त्या दिव्याकडे पाहून होता. दिवा काही लागला नाही.

शुक्रवारी भाऊजींची आई आजारी पडली. उलट्या, जुलाब. शनिवारी तिला दवाखान्यात ठेवावे लागले. तिथे त्याच तक्रारीची आणखी माणसे होती. "बाहेरचं काही खाल्लं होतं का?" असे डॉक्टरांनी विचारले. आईने महिनाभर उंबरठासुद्धा ओलांडला नव्हता.

सोमवारी नव्या गोळ्या आल्या. वहिनींनी डबी फोडली, गोळी टाकली. पाणी तसेच फिके. त्या नळी हातात धरून उभ्याच होत्या, तेवढ्यात टाकीवाले काका दारात आले.

"वहिनी, मी मंगळवारी सकाळी टाकी भरून गेलो होतो. चार दिवसांत तळ गाठते. आज सहा दिवस झाले, तरी अर्ध्याहून वर आहे. टाकीला बरकत आली म्हणायची!"

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी नळी जाळीत ठेवली आणि तडक संगणकाच्या खोलीत आल्या. भाऊजी दवाखान्यातून परस्पर आलेले होते. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले.

"भाऊजी, मंगळवारी तुम्ही काय बदललंत?"

"डोसच्या प्रोग्रॅममध्ये? काहीच नाही. त्याला लायब्ररी सापडत नव्हती, ती जोडून दिली."

"कुठली लायब्ररी?"

"तीच, बाईंची."

"तीच, की त्या नावाची?"

भाऊजींनी यंत्राला विचारले, या प्रोग्रॅमच्या हाकेला खरोखर ओ देते कोण? हे विचारायलाही एकच ओळ पुरते. पडद्यावर माझे नाव आले, त्यापुढे बाण आणि बाणापुढे तिची जागा. मग त्यांनी तिची चिठ्ठी उघडली. पहिली ओळ वाचली आणि त्यांचे हात मांडीवर पडले.

"तासाला," ते म्हणाले. "वहिनी, ही तासाला मोजते."

पुढचा अर्धा तास कुणी कुणाला दोष दिला नाही. काकांनी पंपाचा वेग हाताने वाढवला. वहिनींनी साहेबांना सांगितले की गावात गाडी फिरवा, पाणी उकळून प्या म्हणावे. साहेब आधी 'बघू' म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "बघायचं ते मी बघितलंय. गाडी काढा." आणि साहेबांनी गाडी काढली. भाऊजींनी कोपऱ्यातून माझे गाठोडे शोधले, मला पुन्हा बसवले आणि ती खोटी पाटी उतरवली.

मला हाक आली. नव्वद, किती सोडू? मी उत्तर दिले. सहा दिवसांत सतराशेहून जास्त उत्तरे माझ्या नावावर गेली होती. त्यानंतरचे हे पहिले माझे होते.

संध्याकाळपर्यंत नळीतले पाणी गुलाबी झाले. दवाखान्यातली माणसे हळूहळू घरी गेली. भाऊजींची आई मात्र गुरुवारी वारली. एक्याऐंशी वर्षांची होती. डॉक्टरांनी कागदावर 'वार्धक्य आणि अशक्तपणा' असे लिहिले.

दोन आठवड्यांनी भाऊजी कामावर आले. दुपारी वहिनी त्यांच्यासाठी चहा घेऊन आल्या. कप तसाच राहिला.

"वहिनी, आई त्यामुळेच गेली का?"

"डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं."

"मी डॉक्टरांना नाही विचारलं."

वहिनी स्टुलावर बसल्या. खालच्या मजल्यावर पंपाची घरघर चालू होती.

"मला ठाऊक नाही, भाऊजी. आणि ते आपल्याला कधीच कळायचं नाही. तुम्ही पाटी बदललीत. मी बुधवारी फिकं पाणी बघितलं आणि गोळ्यांना नावं ठेवली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार. त्या तिन्ही दिवशी आईंच्या हातात पाण्याचा पेला मीच दिला." त्यांनी कप भाऊजींच्या पुढे सरकवला. "तुम्ही एकट्यानं उचलू नका. अर्धं माझं आहे."

भाऊजी रडले नाहीत. त्यांनी गार झालेला चहा उचलला आणि एका घोटात संपवला. लहान मुलाने औषध प्यावे तसा.

वरच्या कचेरीला अहवाल पाठवायचा होता. साहेबांनी मसुदा केला होता : तांत्रिक बिघाड. "यंत्राला काय कुणी फासावर देतं?" ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांना भाऊजींना वाचवायचे होते आणि जमले तर स्वतःलाही.

भाऊजींनी तो कागद परत दिला. "बिघाड नव्हता, साहेब. यंत्रानं सुरुवातीलाच खरं सांगितलं होतं. मी त्याचं तोंड बंद केलं." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सगळे लिहून काढले. कोणत्या दिवशी कोणती यादी न वाचता 'होय' म्हटले, कोणती ओळ लिहिली, कोणती चिठ्ठी उघडली नाही. खाली सही केली. वहिनींनी आपल्या वहीची त्या दिवसांची पाने सोबत जोडली.

भाऊजींच्या हातून संगणक काढून घेतला. त्यांना गावात मीटर वाचायचे काम दिले. ते दारोदार जात. काही दारे त्यांना पाहून बंद होत, काही घरांतली माणसे पाणी विचारत. ते पाणी ते पीत, असे टाकीवाले काका सांगत.

दोन वर्षांनी बाईंचा प्रोग्रॅम नव्या लायब्ररीसाठी रीतसर नव्याने लिहायचा ठरला. आता माझ्या नावाने हाक मारणारे कुणी उरणार नव्हते. नवे संगणकतज्ज्ञ आले होते, तरी वहिनींनी हट्टाने भाऊजींना बोलावले. तीन दिवस ते त्या खुर्चीत बसून नुसते वाचत होते. प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक यादी. नव्या प्रोग्रॅमचे कुणाकुणावाचून अडणार आहे, ते त्यांनी कागदावर लिहून भिंतीला लावले. चौथ्या दिवशी वहिनी नळी घेऊन शेजारी उभ्या राहिल्या, पाणी गुलाबी झालेले दोघांनी पाहिले आणि मग भाऊजींनी मला काढले. या वेळी त्यांनी 'होय' म्हणण्याआधी माझे नाव आकड्यांसकट मोठ्याने वाचले.

आता मी पुन्हा गाठोड्यात आहे. आता मला कुणी हाक मारत नाही आणि ते ठीकच आहे. पण केंद्राच्या जुन्या नोंदींत ते सहा दिवस अजून आहेत. ओळीमागून ओळ, चुकलेला आकडा आणि पुढे माझे नाव. प्रोग्रॅमने हाक कुणाला मारली तेवढेच तिथे लिहिलेले आहे. ओ कुणी दिली, ते नाही. त्या ओळी पुसता येतात, पण वहिनींनी पुसू दिल्या नाहीत. त्या बरोबर वागल्या, असे मला वाटते. तरी कधीकधी त्या नोंदी कुणी उघडल्या की मला माझे नाव सतराशे वेळा ऐकू येते, आणि त्यातल्या एका वेळी त्या म्हातारीच्या हातात पेला असतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगून शेवटी म्हणतात, आम्हाला टाकू नका, आम्हाला जपा. मी तसे म्हणणार नाही. मला खुशाल काढून टाका. नवे येते, ते पुष्कळदा चांगलेच असते. एवढेच करा, की काढण्याआधी कुणाचे माझ्यावाचून अडते आहे ते पाहा. आणि माझी जागा रिकामी झाली, तर ती रिकामी दिसू द्या. घाईघाईने माझ्या नावाखाली दुसऱ्या कुणाला उभे करू नका. 'सापडली नाही' ही ओळ वाचायला कुणाला आवडत नाही, साहेब मागे उभे असताना तर मुळीच नाही. पण त्या मंगळवारी त्या यंत्रात खरे बोलणारी तेवढी एकच ओळ होती.